पूनमचा मुऱ्हाळी

सोमवार, २ जून

नोकरी लागली. ही वही कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळाली होती, काहीतरी चांगलं घडलं की उघडायची म्हणून ठेवली होती. आज उघडली.

चाकणला 'ओसरी' नावाचं महिला वसतिगृह आहे. आसपासच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेल्या मुली तिथं राहतात. मी तिथली समन्वयक. समन्वयक म्हणजे नक्की काय, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही, पण दारावर पाटी लागणार आहे: दीक्षा जयसिंग ओव्हाळ, बी.एस.डब्ल्यू. आमच्या घराण्यात आजवर दारावर फक्त लाइट बिल लागलंय.

आबा कंपनीच्या प्रेस शॉपमधून, पत्रे दाबायच्या मशीनवरून, आले ते हातपाय न धुताच मला सॅल्यूट ठोकून म्हणाले, "जय भीम मॅडम. आम्हाला बसायची परवानगी आहे का?" आई म्हणाली, आधी पगार हातात पडू दे. आमच्या घरी आनंदाचं खातं आबांकडे आणि शंकेचं आईकडे असतं.

ओसरीच्या सुमनताईंनी मुलाखतीत मला अभ्यासातलं काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," आणि उपमा मागवला. तीन वर्षं समाजकार्य शिकले, पण हे कुठल्याच पेपरला नव्हतं. पन्नाशीच्या असतील. मोठं कुंकू, आणि आवाज असा की तापाने पडलेल्या माणसाने उठून बसावं. मुली त्यांना आई म्हणतात. माझ्याही तोंडून निघता निघता राहिलं.

शुक्रवार, ६ जून

आकुर्डी ते चाकण बसमध्ये उभं राहून जाते आणि तरी हसत असते. कंडक्टरने आज विचारलं, ताई, लॉटरी लागली का?

इथली कंत्राटाची पद्धत मला नव्हती माहीत. मुलीला काही महिने कामावर ठेवतात आणि मग 'ब्रेक' देतात, म्हणजे घरी बसवतात, ती कधी कायम होऊ नये म्हणून. ब्रेकनंतर परत घेतीलच असं नाही. तेवढ्या काळात खोलीचं भाडं कुठून आणणार? गावी गेली तर घरचे लग्न उरकून मोकळे होणार. चाकणभर अशा मुली अधांतरी लटकलेल्या आहेत. आणि ताई काय करतात? ब्रेकवरच्या मुलीकडून भाडं घेत नाहीत. जेवणही तसंच. मी विचारलं, परवडतं कसं? त्या हसल्या. "लेकीचं जेवण कुणी मोजतं का गं?"

माझं मुख्य काम मुलींशी गप्पा मारणं. म्हणजे ज्यासाठी शाळेत मला बाकावर उभं करायचे, त्याचाच आता पगार. संध्याकाळी चहाला ताईंना सगळं सांगायचं. त्या फार बारकाईने विचारतात. कुणाला घरून रोज फोन येतो, कुणाचे वडील पितात, कुणाचा भाऊ तापट आहे, कुणाला विचारणारं कुणीच नाही. जिला कुणी नाही तिच्यावर ताईंचा जास्त जीव. माझा एक तास त्या मुलींबद्दल बोलण्यातच जातो.

सगळ्यांत गमतीची स्वरूपा. परभणीकडची, वायरिंगच्या लाइनवर आहे. सुपरवायझरची नक्कल करते तेव्हा खुद्द सुपरवायझर ओशाळेल. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही इतकं हसू नका, दात वाळतील."

रविवार, १५ जून

आज एका मुलीची पाठवणी झाली. नांदेडची, शांत, लांब वेणीची. ब्रेक संपला आणि कंपनीने घेतलं नाही, म्हणून ताईंनी तिला बंगळूरच्या एका मोठ्या वेलनेस सेंटरमध्ये लावून दिलं. पाठवणी अशी की सख्ख्या आईने करू नये: नवी साडी, बांगड्या, ओटी, मुलींची गाणी. आमच्याकडे ओटी वगैरे करत नाहीत. आबा म्हणतात, माणसाने माणसाला निरोप द्यावा, मध्ये नारळ कशाला? पण मी तांदूळ घातले. तिचा जुना फोन ताईंनी ठेवून घेतला, तिकडे कंपनीचा नवा मिळतो. ताईंचा भाचा धनेश गाडी घेऊन उभाच होता. ओसरीतल्या सगळ्या मुली त्याला राखी बांधतात.

ताई ढसाढसा रडल्या. खोटं रडणारं माणूस मला ओळखता येतं (आम्हाला एक मामी आहे) आणि हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, एवढा त्रास होतो तर पाठवता कशाला?

"आई लेकीला सासरी पाठवते तेव्हा रडतेच ना? रडते आणि पाठवते. पहिले काही दिवस पोर तिकडं रडते, परत ने म्हणते. ऐकायचं नसतं. मग रुळते. मीही रुळलेच की, दीक्षा. मला तर कुणी साडीसुद्धा नेसवली नव्हती."

शेवटचं मला नीट कळलं नाही. गरिबीत लग्न झालं असणार बिचारीचं.

मंगळवार, २४ जून

माझा वाढदिवस. ताईंनी जरीकाठाची साडी दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही माझी शिकलेली लेक. घरी येऊन दाखवली. आईने पदर चिमटीत धरून पाहिला. कापड मजबूत आहे, म्हणाली, आणि भांडी घासायला गेली. थोड्या वेळाने मोरीतूनच तिचा आवाज आला, "दोन दोन आया झाल्या आता. एकीला साडी द्यायला परवडतं, दुसरीला डबा." मी जाऊन तिच्या पाठीला मिठी मारली. साबणाच्या हाताने तिने मला ढकललं, पण हळूच.

आज आणखी एक झालं. नांदेडच्या त्या मुलीची आई रात्रभर प्रवास करून आली होती. मुलीचा फोन लागत नाही म्हणून. ताई बाहेर होत्या. मीच बसवलं, चहा दिला, अभ्यासात शिकल्याप्रमाणे मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि मग समजावलं: नवी नोकरी आहे, रुळू द्या, सारखं मागे लागून तिचे पाय ओढू नका. उठताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही शिकलेल्या हाव. तुम्ही म्हणता तर असंल तसं."

ताईंना सांगितलं तर त्यांनी माझी दृष्टच काढली. असंच बोलायचं, तुझ्या तोंडी शोभतं, म्हणाल्या. तेवढा वेळ मी स्वतःला फार हुशार वाटले. बसमध्ये मात्र त्या बाईचा हात आठवत राहिला. खरखरीत होता, आणि गार.

शनिवार, ५ जुलै

स्वरूपाला ब्रेक मिळाला. ताईंनी तिच्यासाठीही बंगळूर ठरवलंय, ३० जुलैला निघायचं. स्वरूपा नाही म्हणत होती. "कामून जाऊ मी एवढ्या लांब? तिथं मही नक्कल कुणाला समजंल?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलले. स्वावलंबन, नवं शहर, स्वतःच्या पायावर उभं राहणं. माझ्या वक्तृत्वाच्या बक्षिसाला आज खरा अर्थ आला. शेवटी म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून चालले बरं का मॅडम. काही झालं तर तुमच्या स्वप्नात येऊन छळीन." तिच्या घरी फक्त एक काका आहे, तो फोनही उचलत नाही. ताईंना हे मी आधीच सांगितलं होतं. म्हणूनच त्यांनी तिच्यासाठी इतक्या लवकर सोय केली.

रविवार, १३ जुलै

एक कल्पना सुचलीय आणि तिच्यामुळे मी आज भाजीत दोनदा मीठ घातलं.

चहाच्या वेळी ताई म्हणाल्या, पंचमी जवळ आली की माझ्या लेकी आठवतात. कुणी म्हणजे कुणी माहेरपणाला येत नाही. देव्हाऱ्याशेजारी पूनमचा फोटो आहे. पूनम म्हणजे ओसरीतून गेलेली पहिली लेक. तो फोटो त्यांनी पदराने पुसला.

येत नाही, कारण आणायला कुणी जात नाही! सासरहून लेकीला आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. आबा दर पंचमीला कस्तुरा आत्याला आणायला राजगुरुनगरला जातात. पांढरा सदरा घालून, पिशवीत आत्याच्या सासूसाठी तंबाखूची पुडी घेऊन. "नागाचं आपल्याला काही नाही, बहिणीचं आहे," असं ते म्हणतात. त्यांचा एक नियम आहे. बहीण त्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. एकदा सासूने आत्याला मुद्दाम भाकऱ्यांना बसवलं, तर आबा कोरडे ओठ घेऊन असे समोर बसून राहिले की शेवटी म्हातारीनेच आत्याची पिशवी भरून दिली.

तर मी मुऱ्हाळी होणार. ताईंना न सांगता पूनमला आणणार. पंचमीला दारात उभी करणार. ताईंचं तोंड कसं होईल ते डोळ्यांसमोर येतं आणि मी एकटीच टाळ्या वाजवते.

शनिवार, १९ जुलै

पूनम सापडली. स्वरूपा आणि ती ओसरीत एकाच खोलीत होत्या. पूनम कुठल्यातरी दुसऱ्याच नावाने इन्स्टाग्रामवर आहे, ते तिनेच दाखवलं. मी लिहिलं, पंचमीला तुला माहेरी न्यायला येतेय. तिने विचारलं, "खरंच न्यायला येणार?" मी म्हटलं, हो. तिने परत तेच विचारलं. मग परत. किती साधी मुलगी.

आणि गंमत म्हणजे पत्ता बंगळूरचा नाहीच, थेरगावचा! डांगे चौकाजवळ, तिसरा मजला. बदली झाली असणार. मुऱ्हाळ्याचं काम एका बसवर आलं.

तिने लिहिलं, "आईला सांगू नका." मी लिहिलं, अगं अर्थात, सरप्राइज आहे.  मग एवढंच आलं: "दुपारी या. दुपारी बाहेर एकच माणूस असतो."

शुक्रवार, २५ जुलै

मुऱ्हाळ्याच्या टिप्स घ्याव्यात म्हणून आबांना सांगितलं. ते तंबाखू मळत होते, थांबले. "ती पोरगी बंगळूरला होती म्हणालीस ना?" बदलीचं सांगितलं. त्यांनी मग पूनमचे मेसेज मागितले. चष्मा लावून सावकाश वाचले, कायद्याचा कागद वाचावा तसे, आणि फोन परत दिला. "मी पण येतो. आत्यालाही एक दिवस आधी आणतो."

मी चिडले. मला एकटीला जायचं होतं, आणि आबांना माझ्यावर एवढाही भरवसा नाही का? ते म्हणाले, भरवसा तुझ्यावर आहे. आणि परत तंबाखू मळायला लागले. आबा गप्प बसले की घरात पंखासुद्धा हळू फिरतो.

ताईंनी स्वरूपासाठी मोरपंखी साडी आणलीय. तिला हाच रंग आवडतो, हे त्यांना मी न सांगता माहीत होतं.

मंगळवार, २९ जुलै. पंचमी

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज क्रमाने लिहिते.

काल दुपारी आबा, आत्या आणि मी थेरगावला गेलो. आबांचा पांढरा सदरा, आत्याचं इरकल लुगडं. काचेचं दार, आत गार हवा, फुलांच्या अत्तराचा वास आणि माशांची पेटी. काउंटरवरच्या काळ्या टी-शर्टवाल्याने आबांना मेन्यू दिला. "काका, पहिल्यांदा आलात का? कुठली थेरपी?"

आबांनी मेन्यू उलटा करून टेबलावर ठेवला. "पूनमला न्यायला आलोय. उद्या पंचमी आहे."

त्याला वाटलं चेष्टा आहे. म्हणाला, काका, हे स्पा आहे. आबा म्हणाले, असू दे, पोर आवरेपर्यंत बसतो. आणि सोफ्यावर बसले. आत्या शेजारी मांडी घालून बसली आणि अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागली. कट, कट. एवढ्यात दार उघडून एक गॉगलवाला आत आला. आत्या त्याला अगदी प्रेमाने म्हणाली, "ये की बाळा. तू कुणाला न्यायला आलास?" तो आल्या पावली जिन्याने पळाला, लिफ्टसाठीही थांबला नाही. मला हसू फुटलं. मग दुसरा आला. तिने त्यालाही तेच विचारलं, त्याच मायेने, आणि तोही गेला. मी तोंडात रुमाल कोंबला.

आणि त्या दुसऱ्या माणसाचा चेहरा बघून मला कळलं. एकदम नाही. आधी आतला पडदा दिसला. मग पडद्यामागे ओळीने बारकी दारं. मग दारांना बाहेरून असलेल्या कड्या. तरी माझं हसू थांबेना, कारण ते आधीच सुरू झालं होतं.

टी-शर्टवाल्याने पाण्याची बाटली आणली. "काका, पाणी घ्या आणि निघा." आबा म्हणाले, पाणी पोर निघाल्यावर. तो कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलायला लागला. "आई, इथं एक म्हातारा बसलाय. हटतच नाही. सोबत ओसरीतली दीक्षा मॅडम आहे, ग्रुपवरच्या फोटोतली." त्याने 'आई' म्हटलं. तो कुणाला आई म्हणतोय ते मला विचारावं लागलं नाही.

तेवढ्यात आत्याने तिच्या राजगुरुनगरच्या गळ्याने हाळी दिली. "पूनम, ए पूनम, आवर गं, घरची माणसं आल्यात!" पडदा हलला. ती बाहेर आली. पायात चप्पल नव्हती. फोटोतल्या पूनमची ही कुणीतरी मोठी बहीण असावी, तशी दिसत होती. टी-शर्टवाला आडवा झाला. आबा उठले. आवाज न चढवता म्हणाले, "भावा, मी प्रेसवर काम करतो. बोटं कशी वाचवायची ते मला ठाऊक आहे. तू पण वाचव."

तो बाजूला झाला. उंबऱ्यापाशी पूनमने आत्याचा हात असा धरला की बांगडी वाकली. रिक्षा डांगे चौकातून वळल्यावर आबा म्हणाले, आता पाणी द्या कुणीतरी.

रिक्षातच पूनम बोलली, थोडंच. घरी का नाही कळवलं, असं मी मूर्खासारखं विचारलं. ती म्हणाली, "तीच म्हणायची, तुझ्या आईला कळलं तर ती मरेल, मी आहे ना, मी नाही रागवत. आणि खरंच नाही रागवायची. आजारी पडले तर उशाशी बसायची. बरी झाले की परत पाठवायची."

आम्ही सरळ पोलीस चौकीत. तिथल्या दिव्या मॅडम फौजदार आहेत, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी ऐकलं आणि साध्या कपड्यातली माणसं थेरगावला नजर ठेवायला पाठवली. मी स्वरूपाला फोन करून एवढंच म्हटलं, आत्ता निघ. ती म्हणाली, बरं. पुढे काही विचारलं नाही. एरवी तिचं तोंड कंपनीच्या भोंग्यालाही थांबत नाही. तासाभराने ती चौकीत आली ती काखेत ओसरीचा मोठा कुकर घेऊन. "रिकाम्या हातानं निघाले असते तर धनेशला डाउट आला असता. म्हणलं, शिट्टी दुरुस्त करून आणते." दिव्या मॅडम हसू दाबायला खिडकीकडे वळल्या.

तेवढ्यात ताईंचा फोन आला. दिव्या मॅडमनी खुणेने सांगितलं, बोल, नेहमीसारखी बोल. ताई हसत होत्या. "वेडी कुठली. मला सरप्राइज द्यायला निघालीस होय? अगं, मला विचारायचं तरी. पूनमला घेऊन ओसरीत ये, पंचमी इथंच करू." आणि मी हसले. माझं रोजचं हसू. दोन महिने ते त्यांच्या कामाला येत होतं, ते काल पहिल्यांदा माझ्या कामाला आलं.

मग आबांनी फोन घेतला. "नमस्कार. पोर आमच्या घरी माहेरपणाला आणलीय. परत आणून सोडायची पद्धत आमच्याकडं नाही. न्यायला यावं लागतं."

"येते की," ताई म्हणाल्या. "माझीच लेक आहे."

मला वाटलं नव्हतं त्या येतील. दिव्या मॅडमनाही नव्हतं वाटलं. पूनमला वाटलं. "ती येणारच. तिला वाटतं मी तिची आहे." मॅडमचं म्हणणं होतं की पूनमने समोर येऊ नये. पूनम म्हणाली, मला बघायचंय ती काय म्हणते.

दिवस मावळायच्या आत आल्या. गजरा, पेढे, पूनमसाठी साडी. धनेश खाली गाडीत. आमच्या स्वयंपाकघरात दिव्या मॅडम आईची साडी नेसून पुरणाचे दिंड करत होत्या, खोटे नाही, खरेच, कारण आईने सांगितलं होतं की नुसतं बसायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघरात बसू नका. ताईंनी आईला सांगितलं, तुमची लेक फार गुणी आहे. मला जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला तोच वास होता, चंदनाच्या साबणाचा, आणि एक क्षण मला खरंच वाटलं की सगळ्यांची काहीतरी चूक झालीय.

मग त्या म्हणाल्या, "पूनम, चल बाळा. उशीर होतोय."

आणि पूनम उठली. मी पाहिलं. ती उठली आणि दाराशी आपली चप्पल शोधायला लागली, जी तिने आणलीच नव्हती.  मी तिला थांबवलं नाही, मी, वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेली.

आत्याने बसल्या जागेवरून तिच्या साडीचं टोक धरलं. "बस गं. आमच्यात पंचमी लांबते."

"मी आई आहे तिची," ताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना लागलं होतं.

पूनम दाराकडे तोंड करूनच बोलली. "आईनं एकदा तरी विचारलं असतं, तिकडं कसं वाटतं म्हणून."

"विचारून काय केलं असतं बाळा? मला कुणी विचारलं होतं?"

पूनम खाली बसली. आत्याच्या मांडीला टेकून, लहान मूल बसतं तशी. दिव्या मॅडम कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या आणि ओळख करून दिली. खाली धनेशला त्यांच्या माणसांनी आधीच धरलं होतं. त्याच वेळी थेरगावला काचेचं दार उघडून सगळ्या मुलींना बाहेर आणलं होतं. ताईंनी ओरडाआरडा केला नाही. गजरा नीट केला. जिन्यात वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तिची कंबर दुखते गारठ्यानं. गरम पाण्याची पिशवी देत जा रात्री. आणि तुला मी वेगळी समजत होते, दीक्षा."

दिंड फार छान झाले होते. सगळ्यांनी खाल्ले. का ते माहीत नाही, आम्ही खूप खाल्ले.

गुरुवार, ३१ जुलै

नोकरी गेली. पाटी तयार होऊन आलीय असा पेंटरचा फोन होता. आबा जाऊन घेऊन आले आणि घराच्या दारावर ठोकली. लाइट बिल आता तिच्या खिळ्याला लटकतं.

नांदेडची ती मुलगी थेरगावच्याच मजल्यावर सापडली. तिच्या आईला फोन मी करते म्हटलं. मुलगी सुखरूप आहे, या, हे सांगितलं. पलीकडे ती रडत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "तुम्ही त्याच का, शिकलेल्या बाई?" मी हो म्हटलं. ती रविवारी येणार आहे. तिला घ्यायला स्टँडवर मीच जाणार. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, कदाचित या वेळी मी नुसती ऐकेन.

आज मुलींनी गच्चीवर झोका बांधला. पंचमी होऊन गेली, पण आत्या म्हणते आमच्यात लांबते. दोर नव्हता, म्हणून स्वरूपाने माझी वाढदिवसाची साडी पिळून टाकीच्या पाइपांना बांधली. "मजबूत हाय मॅडम, कामाला आली." ओसरीतल्या आणखी काही जणी आल्या होत्या. आत्यासुद्धा झोक्यावर बसली, लुगडं गुडघ्यात दाबून, आणि इतकी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. पूनम उभीच होती. शेवटी बसली. स्वरूपाने ढकललं. तिसऱ्या झोक्याला तिने पाय पुढे ताणले, उंच जायला ताणतात तसे.

रात्री ती कुशीवर वळून वळून झोपत होती. कंबर खरंच दुखत होती तिची. मी पाणी तापवलं, रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवली. तिचं अंग सैल पडलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"आत्याने," मी म्हटलं.